मँचेस्टरच्या जुन्या इमारती काय सांगतात?

परगावचा मनुष्य एखाद्या शहरात गेला म्हणजे त्याला तेथील जुन्या इमारती दाखविण्यात येतात. ही कोणी बांधली, केव्हा बांधली, मनोरा किती उंच आहे, खर्च किती आला, एवढी माहिती देऊन वाटाड्या पुढच्या इमारतीकडे वळतो. ही माहिती खोटी नसते, पण अपुरी असते. ज्याने पैसे दिले त्यानेच इमारत बांधली, असे म्हणण्याची आपणा सर्वांना जुनी सवय आहे. दगड फोडणारा, तो वर चढविणारा आणि ज्याच्या श्रमातून तो पैसा निर्माण झाला तो, यांपैकी कोणाचेही नाव कोनशिलेवर नसते. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले असल्यामुळे कोणतीही जुनी वास्तू समोर आली की आमच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. पैसा कोणाचा? घाम कोणाचा? आणि भिंतीवर नाव कोणाचे? यांतला तिसरा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; परंतु तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे इंग्लंडातील मँचेस्टर शहराच्या उदाहरणाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

मँचेस्टरच का, असे कोणी विचारील. लंडनचे राजवाडे आणि ऑक्सफर्डची विद्यालये अधिक प्रसिद्ध आहेत, हे खरे. परंतु मँचेस्टरशी आपले नाते सुताचे आहे. आपण इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतो. आपल्या जुन्या गिरण्यांतील कितीतरी यंत्रे त्याच लँकेशायर परगण्यातून आली. आपला कापूस तिकडे जात होता आणि तिकडचे कापड आपल्या बाजारात येऊन येथील विणकराचा माग बंद पाडीत होते. ज्या शहराचे आणि आपले असे देणेघेणे होते, त्याच्या इमारती आपण थोड्या बारकाईने पाहाव्यात, हे योग्यच होय.

आरंभ सर्वांत जुन्या वास्तूपासून करू. गिरण्यांच्या पुष्कळ आधी, १४२१ साली, तेथील मुख्य चर्चच्या धर्मोपदेशकांना राहण्यासाठी तांबूस वालुकाश्माची एक इमारत बांधण्यात आली. पुढे धर्मकारणातील उलथापालथीत धर्मोपदेशक गेले, इमारत सरदार घराण्याकडे गेली आणि सतराव्या शतकातील यादवी युद्धात तर तिचा उपयोग तुरुंग व दारूकोठार म्हणून झाला. हंफ्री चेटम नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने आपल्या मृत्युपत्रात दोन गोष्टींसाठी पैसा ठेवला. गरीब मुलांसाठी एक शाळा आणि सर्वांसाठी एक ग्रंथालय. तो १६५३ साली वारला आणि त्याच वर्षी या जुन्या इमारतीत ते ग्रंथालय स्थापन झाले. इंग्रजी बोलणाऱ्या जगातील सर्वांत जुने मोफत सार्वजनिक ग्रंथालय ते हेच. ग्रंथ त्या काळी इतके मोलाचे होते की ते साखळीने कपाटाला बांधून ठेवीत. परंतु वाचायला येणाऱ्याकडून मात्र काही एक मागायचे नाही, असा दंडक होता. ग्रंथाला साखळी आणि वाचकाला मोकळीक, ही व्यवस्था आम्हांला फार आवडते.

या ग्रंथालयात खिडकीच्या कोनाड्यात एक चौकोनी मेज आहे. १८४५ सालच्या उन्हाळ्यात कार्ल मार्क्स आणि फ्रेडरिक एंगल्स हे दोन तरुण या मेजावर बसून अर्थशास्त्राचे जुने ग्रंथ वाचीत असत. एंगल्सच्या बापाची येथील एका सूतगिरणीत भागीदारी होती आणि मुलाने धंदा शिकावा म्हणून त्याने त्याला १८४२ साली मँचेस्टरला पाठविले होते. मुलगा धंदा शिकला, पण त्याबरोबर कामगारांच्या चाळीही हिंडला आणि इंग्लंडातील कामगारवर्गाच्या स्थितीवर त्याने लिहिलेले पुस्तक १८४५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. त्या दोघांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो. एका कापडव्यापाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी ठेवलेल्या पैशातून कापडगिरणीच्या व्यवस्थेचे सर्वांत कठोर टीकाकार फुकट वाचू शकले, यापेक्षा मोफत ग्रंथालयाची मोठी थोरवी कोणती सांगावी?

आता गिरण्यांकडे वळू. शहराच्या पूर्वेस अँकोट्स नावाचा भाग आहे. तेथे कालव्याच्या काठी लाल विटांच्या उंच गिरण्या ओळीने उभ्या आहेत. मरे नावाच्या दोन स्कॉटिश भावांची जुनी गिरणी १७९८ सालची. त्यापूर्वीच्या बहुतेक गिरण्या नदीकाठी डोंगराळ भागात असत, कारण त्या पाण्याच्या चाकावर चालत. वाफेचे इंजिन आले आणि गिरणीला नदीची गरज उरली नाही. कोळसा आणायला कालवा असला, राबायला माणसे असली, म्हणजे गिरणी भर शहरात उभी राहू शकत होती. म्हणून माणसे शहराकडे धावली. १८०१ ते १८५१ या पन्नास वर्षांत मँचेस्टरची वस्ती अदमासे चौपट झाली. १८२६ साली शिंकेल नावाचा प्रख्यात जर्मन वास्तुशिल्पी येथे आला होता. राजवाडे बांधणाऱ्या त्या गृहस्थाने या गिरण्यांची चित्रे आपल्या वहीत काढून घेतली, कारण एवढ्या अवाढव्य, अलंकारहीन इमारती त्याने कोठेही पाहिलेल्या नव्हत्या.

त्या भिंतींच्या आत काय चालत होते, याचा अंदाज कायद्यांवरून येतो. कापडगिरणीत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांकडून आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेऊ नये, असा कायदा १८३३ साली करावा लागला. जे होतच नाही त्यावर बंदी कोणी घालीत नाही. तेव्हा त्यापूर्वी काय होत होते, हे सांगायला वेगळा साक्षीदार नको. आज मरे बंधूंच्या गिरणीत सदनिका आहेत. भिंती राखल्या गेल्या, हे चांगलेच झाले. आपल्याकडे गिरणगावात भिंती तर गेल्याच, कित्येक ठिकाणी धुराडेही उरले नाही.

गिरणीला कापूस हवा आणि कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरत असे. तो लवकर यावा म्हणून लिव्हरपूल ते मँचेस्टर लोहमार्ग झाला आणि १५ सप्टेंबर १८३० रोजी त्याचे उद्घाटन झाले. केवळ वाफेच्या बळावर, ठरलेल्या वेळापत्रकाने, दोन शहरांमध्ये उतारूंची ने-आण करणारा हा पहिला लोहमार्ग. त्याचे मँचेस्टरचे स्थानक लिव्हरपूल रोडवर आजही उभे आहे. उतारूंसाठी बांधलेले इतके जुने दुसरे टर्मिनस स्थानक जगात उरलेले नाही. ते दिसायला एखाद्या बेताच्या घरासारखे आहे, कारण स्थानक म्हणजे कसे असावे हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. समोर त्याच वर्षीची मालाची वखार आहे. त्या वखारीत उतरणारा बहुतेक कापूस अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला असे. १९८३ पासून या जागेत विज्ञान व उद्योग यांचे संग्रहालय आहे.

उद्घाटनाच्या गाडीत इंग्लंडचे पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन बसले होते. वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारे ते हेच. परंतु मँचेस्टरजवळ गाडी आली तेव्हा विणकरांच्या जमावाने त्यांचे स्वागत जयजयकाराने नव्हे, तर शिव्याशापांनी आणि दगडफेकीने केले. राष्ट्रवीराचे असे स्वागत का व्हावे? त्याचे कारण अकरा वर्षांपूर्वी त्याच शहरात घडलेल्या एका प्रसंगात आहे आणि तो प्रसंग समजल्यावाचून मँचेस्टरची एकही इमारत नीट समजत नाही.

१८१९ साली मँचेस्टर हे इंग्लंडातील मोठ्या शहरांपैकी एक होते. पण पार्लमेंटात त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. ओसाड पडलेल्या खेड्यांना दोन-दोन प्रतिनिधी आणि या शहराला शून्य! त्यातच १८१५ च्या कायद्याने परदेशी धान्याची आयात अडविली होती, त्यामुळे जमीनदारांचे भाव टिकले आणि गरिबाची भाकरी महागली. तेव्हा मताचा हक्क मागण्यासाठी १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या मैदानावर सभा भरली. आसपासच्या गावांतून विणकर आणि सूतकाते बायकामुलांसह आले. शिस्तीने चालता यावे म्हणून त्यांनी आधी सराव केला होता. स्त्रियांच्या मंडळांतील पुष्कळ जणी पांढरी वस्त्रे नेसून आल्या होत्या. सुमारे साठ हजारांचा समुदाय जमला. हेन्री हंट हे वक्ते बोलावयास उभे राहिले आणि मॅजिस्ट्रेटांनी त्यांना पकडण्याचा हुकूम दिला. हुकूम बजावण्यास प्रथम गेले ते स्थानिक स्वयंसेवक घोडदळ. त्यात दुकानदार, व्यापारी आणि कारखानदारांची मुले होती. त्यांनी गर्दीत तलवारी चालविल्या. पाठोपाठ लष्करी घोडदळ आले. पळायला वाटा नव्हत्या. अठरा माणसे मेली आणि सहाशेहून अधिक जखमी झाली. पहिला बळी दोन वर्षांचे एक मूल होते. मैदानाकडे दौडत निघालेल्या स्वाराच्या धक्क्याने ते आईच्या हातून खाली पडले. चार वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या विजयावर कोरडा ओढावा म्हणून लोकांनी या प्रसंगाला ‘पीटर्लू’ हे नाव दिले. स्वारांना शिक्षा झाली नाही. हंट यांना मात्र अडीच वर्षांचा तुरुंगवास झाला.

आता त्या मैदानावर काय उभे राहिले ते पाहा. धान्यावरील निर्बंध उठावेत म्हणून पुढे कारखानदारांनीही चळवळ सुरू केली. धान्य स्वस्त झाले तर मजुरीही कमी देता येईल, असा त्यातील कित्येकांचा हिशेब होता, असे कामगार तेव्हाही म्हणत. चळवळीचे पुढारी रिचर्ड कॉब्डेन यांची त्या मैदानात जमीन होती. तेथे १८४० मध्ये सभांसाठी लाकडी मंडप झाला, १८४३ मध्ये विटांचे सभागृह झाले आणि निर्बंध १८४६ साली उठल्यावर त्या विजयाचे स्मारक म्हणून एडवर्ड वॉल्टर्स या वास्तुशिल्पीकडून भव्य दगडी सभागृह बांधून घेण्यात आले. ते १८५६ साली उघडले. नाव ‘फ्री ट्रेड हॉल’, म्हणजे खुल्या व्यापाराचे सभागृह. संताचे नाही, राजाचे नाही. एका आर्थिक मताचे नाव दिलेली अशी वास्तू विरळाच. दर्शनी कमानींत व्यापार, उद्योग, कला यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत.

येथे आमचा तिसरा प्रश्न उपयोगी पडतो. १८१९ च्या सभेतील निशाणांवर दोन मागण्या होत्या : धान्याचे कायदे रद्द करा आणि आम्हांला मत द्या. दगडी सभागृहाने त्यांतली पहिली तेवढी लक्षात ठेवली, कारण ती मालकांच्याही सोयीची होती. दुसऱ्या मागणीचा, तिच्यासाठी मेलेल्या माणसांचा, त्या सुंदर दर्शनी भिंतीवर मागमूस नाही. इमारती खोटे बोलत नाहीत. पण कोठे गप्प बसायचे, हे त्यांना चांगले शिकविलेले असते.

तथापि सभागृहाची एक मौज असते. बांधणाऱ्याचा हेतू काही असो, आत येऊन बोलणारे त्याला आपला अर्थ देतात. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बंदरांची उत्तरेने नाकेबंदी केली आणि लँकेशायरचा कापूस तुटला. तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तिकडूनच येत असे. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसे मदतीच्या भाकरीवर आली. इंग्लंडने दक्षिणेची बाजू घेऊन नाकेबंदी मोडावी, अशी ओरड करणारे पुष्कळ होते. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ रोजी याच फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठविले : गुलामगिरी नाहीशी करा, आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. सर्वच गावांतील कामगार एकमताचे होते असे नव्हे; काही ठिकाणी उपासमारीने दंगेही झाले. पण ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्यांनी असा ठराव करावा, ही लहान गोष्ट नव्हे. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी मँचेस्टरच्या कामगारांना उत्तर लिहून त्यांचे दुःख आपण जाणतो असे कळविले आणि त्यांच्या धैर्याचा मोठ्या शब्दांत गौरव केला. पुढे अमेरिकेतून अन्नधान्याने भरलेले जहाजही मदतीसाठी आले.

या दुष्काळाची दुसरी बाजू आपल्याकडे होती. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ‘सुरती’ या नावाने तिकडे जाणारा आपला कापूस आखूड धाग्याचा. तो यंत्रावर वरचेवर तुटे, म्हणून लँकेशायरचे कामगार त्याच्या नावाने बोटे मोडीत. इकडे मात्र व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा खेळू लागला, सट्टा माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो बाजार कोसळला. त्या तेजीतील एक प्रमुख व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभा राहिला. मँचेस्टरमध्ये ज्या कारणाने चुली विझल्या, त्याच कारणाने आलेला पैसा मुंबईत मनोरा होऊन उभा आहे. दोन शहरांतील इमारती अशा एकमेकींच्या नातलग असतात.

फ्री ट्रेड हॉलमध्ये आणखी एक प्रसंग घडला. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी लिबरल पक्षाच्या सभेत क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि ॲनी केनी या दोघी उठल्या आणि स्त्रियांना मताचा हक्क देणार काय, असे त्यांनी विचारले. उत्तर न देता त्यांना बाहेर काढण्यात आले. दंड भरण्याचे नाकारून दोघी तुरुंगात गेल्या. ॲनी केनी ही लहानपणापासून गिरणीत राबलेली कामगार स्त्री. ज्या मैदानावर पांढऱ्या वस्त्रांतील स्त्रियांवर तलवारी चालल्या, त्याच जागी शहाऐंशी वर्षांनी हा प्रश्न विचारला गेला. भिंत गप्प राहिली, तरी जागा विसरली नव्हती. १९४० च्या डिसेंबरात जर्मन बाँबहल्ल्यात हे सभागृह आतून जळाले; दर्शनी भिंत तेवढी वाचली. १९५१ साली ते पुन्हा उभे राहिले. १९९६ पर्यंत हॅले वाद्यवृंदाचे ते घर होते आणि २००४ पासून तेथे मोठे हॉटेल आहे.

आता आम्हांला सर्वांत जवळची वाटणारी इमारत. प्रिन्सेस स्ट्रीटवर मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट ही एक भक्कम, फार डौल न मिरविणारी वास्तू आहे. कारागिरांना विज्ञानाचे शिक्षण मिळावे म्हणून ही संस्था १८२४ साली निघाली. काढणारे सावकार आणि कारखानदार होते. यंत्र समजणारा कामगार त्यांना हवा होता. परंतु माणूस वाचायला शिकला की फक्त यंत्राचे पुस्तक वाचून थांबत नाही.

१८६० नंतरच्या काळात कामगार संघ मोठ्या पेचात होते. शेफील्ड येथील काही हिंसक प्रकारांमुळे त्यांच्यावर सरकारी चौकशी बसली होती. त्यातच १८६७ साली एका खटल्यात न्यायालयाने असा निकाल दिला की, संघाचे नियम व्यापारात अडथळा आणणारे असल्यामुळे संघाच्या निधीला कायद्याचे संरक्षण मिळू शकत नाही. म्हणजे शाखेच्या खजिनदाराने वर्गणीचे पैसे दाबले तरी संघाला दाद नाही! ज्यांनी पै-पै करून वर्गणी गोळा केली आहे, त्यांनाच या निकालाची धार कळेल. तेव्हा मँचेस्टर-सॅल्फर्डच्या कामगार संघांच्या मंडळाचे अध्यक्ष सॅम निकल्सन आणि चिटणीस विल्यम वुड यांनी देशभरच्या संघांना बोलावणे धाडले. दोघेही छापखान्यातील कामगार. २ ते ६ जून १८६८ या पाच दिवसांत चौतीस प्रतिनिधी या इमारतीत बसले. त्यांच्या मागे सुमारे एक लाख अठरा हजार सभासद होते. ब्रिटनच्या ट्रेड्स युनियन काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. तीन वर्षांनी, १८७१ साली, कामगार संघांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा झाला. चौतीस माणसे म्हणजे एखाद्या वर्गात मावतील एवढी. मोठ्या गोष्टींना मोठे सभागृह लागतेच असे नाही. पण दार उघडे असलेली एक खोली मात्र लागते.

गंमत अशी की, त्याच १८६८ साली, त्याच रस्त्यावर, काही मिनिटांच्या अंतरावर शहराच्या सर्वांत भव्य इमारतीची कोनशिला बसली. ती म्हणजे मँचेस्टरचा टाऊन हॉल. वास्तुशिल्पी आल्फ्रेड वॉटरहाउस. त्रिकोणी जागा, गॉथिक पद्धतीची कमानदार बांधणी, २८० फूट उंच घड्याळाचा मनोरा आणि खर्च जवळजवळ दहा लाख पौंड. १८७७ साली काम पुरे झाले. उद्घाटनाला राणी व्हिक्टोरियाने यावे अशी शहराची इच्छा होती; राणी आली नाही. तेव्हा मेयर एबल हेवूड यांनीच दार उघडले. हे हेवूड मोठे ग्रंथविक्रेते. पण तरुणपणी, १८३२ साली, सरकारी मुद्रांक नसलेले गरिबांचे स्वस्त वृत्तपत्र विकल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. लिंकनना पत्र पाठविणाऱ्या त्या सभेच्या अध्यक्षस्थानीही मेयर म्हणून तेच होते. मनोऱ्यातील मोठ्या घंटेला त्यांचेच नाव आहे. राणीऐवजी एका जुन्या कैद्याने उघडलेली ही वास्तू आहे, हे वाटाड्याने मनोऱ्याच्या उंचीआधी सांगावे, असे आम्हांला वाटते.

आत फरशीवर मधमाश्यांची नक्षी आहे. मधमाशी हे या उद्योगी शहराचे जुने बोधचिन्ह. मोठ्या दालनात फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन या चित्रकाराची बारा भित्तिचित्रे आहेत. रोमन किल्ल्यापासून रसायनशास्त्रज्ञ डाल्टनपर्यंत शहराचा इतिहास त्यांत दाखविला आहे. या बारांत पीटर्लू नाही. एका चित्रात, धावता धोटा शोधून काढणारे जॉन के यांना चादरीत लपवून नेत आहेत आणि बाहेर कामगारांचा जमाव मोडतोड करतो आहे. म्हणजे तलवार खाणारा जमाव भिंतीवर आला नाही; यंत्र फोडणारा मात्र आला. चित्रे उत्तम आहेत. पण ज्या दालनात ती आहेत ते नगरशेटजींचे होते, हे विसरून ती पाहू नयेत.

नगरशेटजींचे खरे देऊळ मात्र टाऊन हॉल नव्हे, तर रॉयल एक्स्चेंज. कापूस, सूत आणि कापड यांचे सौदे येथे होत. सध्याची इमारत १८७४ साली पुरी झाली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिचा प्रचंड विस्तार होऊन १९२१ साली ती पुन्हा उघडली. व्यापाराला कायमची भरती आहे, अशा समजुतीने ते दालन मोठे केले. पण ओहोटी आधीच लागली होती. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड परदेशी धाडले होते आणि त्यातले सुमारे ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात आले होते. युद्धानंतर जपानची स्पर्धा, आपल्याकडच्या गिरण्यांची वाढ, आयातीवरील जकात आणि स्वदेशीची चळवळ या सर्वांनी तो व्यापार खचला. लँकेशायरमध्ये बेकारी पसरली; १९३१ साली गांधीजी तेथे जाऊन गिरणीकामगारांना भेटले, तेव्हा ज्या बहिष्काराने त्यांचे काम गेले होते त्याच्या प्रणेत्याचे त्यांनी आपुलकीने स्वागत केले. पोट जळत असताना दुसऱ्याच्या पोटाची हकीकत ऐकून घेणे सोपे नाही.

एक्स्चेंजमधील शेवटचा सौदा ३१ डिसेंबर १९६८ रोजी झाला. त्या दिवशीचे भाव दाखविणारा भलामोठा फलक भिंतीवर उंच तसाच ठेवलेला आहे. १९७६ पासून त्या दालनात नाट्यगृह आहे. जुन्या जमिनीला भार पेलवेना म्हणून काचेचे आणि पोलादाचे सप्तकोनी प्रेक्षागार चार जुन्या खांबांना टांगलेले आहे. १९९६ सालच्या बाँबस्फोटाने इमारतीची नासधूस झाली. दोन वर्षांनी नाटके पुन्हा सुरू झाली. त्या फलकावर भाव आहेत, मजुरीचे दर नाहीत. ते शोधायला दुसरीकडे जावे लागते.

ती दुसरी जागा नदीकाठी आहे. १९०९ साली बांधलेले पंप हाऊस. तेथून दाबाखालचे पाणी नळांनी शहरभर जाई; त्या शक्तीवर वखारींतील गठ्ठे दाबण्याची यंत्रे चालत आणि टाऊन हॉलच्या घड्याळाला चावीही दिली जाई. वरचे घड्याळ सर्वांना दिसे. ते चालविणारा पंप कोणी पाहत नसे. १९७२ साली पंप थांबले. आज तेथे ‘पीपल्स हिस्टरी म्युझियम’ आहे आणि कामगार संघांच्या रेशमी, रंगविलेल्या निशाणांचा फार मोठा संग्रह त्यात जपलेला आहे. मालकांनी आपले म्हणणे दगडात लिहिले. कामगारांजवळ दगड नव्हता, म्हणून त्यांनी ते कापडावर लिहिले. कापडाला कसर लागते. ते जपायला माणसे लागतात.

शेवटी पुन्हा फ्री ट्रेड हॉलच्या भिंतीशी येऊ. विसाव्या शतकात त्या भिंतीवर एक निळी पाटी लावण्यात आली. हंट यांनी येथे साठ हजारांच्या सभेपुढे भाषण केले आणि नंतर लष्कराने ती सभा पांगविली, एवढाच तिचा आशय. पांगविली! गुरे पांगवावीत तशी. मेलेले किती, जखमी किती, काही नाही. काही नागरिकांनी संघटना करून या एका शब्दाविरुद्ध चळवळ केली. २००७ साली ती पाटी काढून तेथे तांबडी पाटी लागली. स्त्री-पुरुष-मुलांच्या शांततेच्या सभेवर सशस्त्र घोडदळाने हल्ला केला, पंधरा माणसे मेली आणि सहाशेहून अधिक जखमी झाली, असे ती स्पष्ट सांगते. मृतांची संख्या संशोधक आता अठरा धरतात. म्हणजे ही पाटीदेखील शेवटची नव्हे. एक वाक्य नीट लिहिले जायला एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

२०१९ साली, द्विशताब्दीच्या वेळी, जवळच एक दगडी स्मारक झाले. ते पुतळ्यासारखे नाही. एकावर एक गोल पायऱ्या आहेत, त्यांवर मृतांची नावे आणि लोक ज्या गावांहून चालत आले त्या गावांची नावे कोरली आहेत. आणि वर उभे राहून कोणीही सभेला बोलू शकेल अशी कल्पना आहे. परंतु चाकाच्या खुर्चीतील माणसाला त्या पायऱ्या चढता येत नाहीत. समान हक्कांच्या स्मारकावर सर्वांना जाता येऊ नये, याला अपंगांच्या संघटनांनी जोराची हरकत घेतली आणि त्यासाठी त्यांनी त्याच जागी निदर्शने केली. काहींना हे शुभकार्यातले विघ्न वाटले असेल. आम्हांला मात्र वाटते की, त्या मैदानाला शोभेल असेच ते झाले. जी मागणी भिंतीवर लिहिलेली नाही, ती मागायला माणसे त्या जागी पुन्हा जमली होती.